वाघूरच्या दरीत तीन ऋतू

अजिंठ्याहून परतलेल्या माणसाला काय पाहिलेत असे विचारले, तर तो लेण्यांविषयी बोलतो. चित्रांविषयी, पहिल्या लेण्यातील पद्मपाणीविषयी बोलतो. ज्या नदीने ती दरी कोरली, आणि दरीच्या माथ्याशी जिथून ती नदी सात टप्प्यांत खाली उतरते, त्या सातकुंडाचे नाव क्वचितच निघते. कारण साधे आहे. बहुतेक पर्यटक दिवाळीनंतरच्या थंडीत किंवा मुलांच्या उन्हाळी सुट्टीत येतात. तेव्हा तो धबधबा एक तर झिरपत असतो, नाही तर नसतोच. त्याला भेटायचे, तर त्याच्या वेळेला जावे लागते.

माझी आई मात्र या धबधब्याची जुनी ओळखीची. जळगाव जिल्ह्यात तिने बत्तीस वर्षे प्राथमिक शाळेत शिकवले. जळगावपासून अजिंठा सुमारे साठ किलोमीटर. त्यामुळे शाळेची सहल म्हटली की अजिंठा ठरलेला. मुलांना दरीत उभे करून ती सातकुंडाच्या उड्या मोजायला सांगे. खालून सातही उड्या एकदम दिसत नाहीत. कुणी तीन मोजी, कुणी चार. उरलेल्या वर आहेत, त्या मोठे झाल्यावर मोजा, असे ती सांगे.

आई आता एक्याऐंशी वर्षांची आहे. काचबिंदूने तिच्या दृष्टीचा परीघ हळूहळू मिटत गेला. समोरचे थोडे, अरुंद नळकांड्यातून पाहावे तसे, दिसते; बाजूचे दिसत नाही. गुडघे कुरकुरतात. वडील गेल्यापासून ती जळगावच्या घरी एकटी राहते, आणि मी पुण्याला. गेल्या वर्षी मी ठरवले की आता तिला पुण्याला न्यायचे. जून उजाडण्यापूर्वी घराला कुलूप लावायचे, सामान हलवायचे. ‘जाण्याआधी एकदा अजिंठा करू,’ असे मीच म्हटले. तिच्यासाठी निरोपाची सहल, अशी माझी कल्पना होती.

वैशाख

मे महिन्याचा तिसरा आठवडा होता. माझी रजा तेव्हाच होती, एवढेच त्या निवडीमागचे कारण. ‘वैशाखात कोणी अजिंठ्याला जातं का गं?’ असे आईने दोनदा विचारले. मी ते हसण्यावारी नेले.

आम्ही फर्दापूरच्या तिठ्यावर पोहोचलो तेव्हा अकरा वाजून गेले होते. खासगी वाहने तिथेच थांबवावी लागतात. पुढचे चार किलोमीटर राज्य परिवहन महामंडळाच्या बसने जायचे. दरीत उतरलो आणि उन्हाचा अर्थ कळला. अजिंठ्याची दरी घोड्याच्या नालेसारखी वळलेली आहे. सुमारे 76 मीटर उंचीचा तो काळा कडा सकाळपासून ऊन पिऊन घेतो आणि दुपारी ते चहूबाजूंनी परत देतो. डोक्यावर छत्री होती. परंतु भिंतींकडून येणाऱ्या झळेला छत्रीचा काय उपयोग?

तो कातळ कसा घडला, हे उन्हाळ्यात उघड्या डोळ्यांनी वाचता येते. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या भूमीला भेगा पडून लाव्हारस बाहेर आला आणि थरांवर थर पसरत गेला. एक थर थंड व्हावा, काही काळ जावा, वरून दुसरा यावा, असे कितीतरी वेळा घडले. आज सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर हा बेसॉल्ट पसरलेला आहे. सह्याद्रीच्या कड्यांना पायऱ्या-पायऱ्यांचे रूप आले, ते या थरांमुळेच. सगळे थर सारख्या ताकदीचे नाहीत. काही घट्ट, भरीव. काहींत वायूच्या बुडबुड्यांची असंख्य छिद्रे राहून गेलेली. वाघूर या थरांवरून वाहू लागली तेव्हा मऊ थर आधी झिजला, वरचा कठीण थर अधांतरी राहून ढासळला, आणि धबधबा एकेक पाऊल मागे सरकत गेला. ही सारी दरी म्हणजे धबधब्याची मागे सरकण्याची वाट आहे. सातकुंडाच्या पायऱ्याही अशाच कठीण आणि मऊ थरांच्या उतरंडीतून घडल्या.

आईला मी डोली घेऊ या म्हटले. ती नको म्हणाली आणि मीही आग्रह धरला नाही. हळूहळू चालू, असा विचार केला. सोळाव्या लेण्याच्या अलीकडे ती थांबली. ‘डोळ्यांपुढे अंधार आला,’ असे सारे म्हणतात; ती म्हणाली, ‘अंधार नेहमीचाच आहे, पण आज पाय जमिनीवर नाहीत असं वाटतंय.’ तिचा हात हाती घेतला तर तो कोरडा आणि गरम होता. तिथल्या एका रखवालदाराने आम्हांला लेण्याच्या आत नेले, दगडी भिंतीला टेकवून बसवले आणि आपल्या माठातले पाणी दिले. बाहेर धग आणि आत गारवा; कातळाच्या पोटातली ती थंडाई त्या दिवशी औषधासारखी वाटली. ओला रुमाल मानेला, मनगटांना लावला. बरोबरचे साखर-मिठाचे पाणी थोडे थोडे पाजले. अर्ध्या तासाने आईचा आवाज पूर्ववत झाला.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी विचारले, ‘सकाळपासून पाणी किती प्यायलात?’ आईने खाली पाहिले. प्रवासात सारखे लघवीला जावे लागू नये, म्हणून ती आदल्या रात्रीपासून पाणी मोजूनमापून पीत होती. त्यात रक्तदाबाच्या गोळ्यांतील एक गोळी लघवीवाटे पाणी काढून टाकणारी. वयानुसार तहानेची जाणीवही मंद होते, हे डॉक्टरांनी सांगितले. मला यातले काहीच ठाऊक नव्हते. मी तिची तिकिटे, टोपी, गोळ्यांची डबी सारे आठवणीने घेतले होते. परंतु वाटेत स्वच्छतागृह कुठे कुठे आहे, हे तिला आधी सांगावे, म्हणजे ती निर्धास्तपणे पाणी पिईल, हे सुचले नव्हते.

त्या दिवशी परत फिरण्यापूर्वी तिने एकच विचारले होते. ‘सातकुंडाला पाणी आहे का?’

मी दरीच्या टोकाकडे पाहिले. उघडा कडा. तळाच्या कुंडात हिरवट, साचलेले पाणी. ‘नाही, कोरडा आहे,’ मी म्हणाले.

‘दगडावर काळे-पांढरे ओघळ आहेत?’

होते. कड्यावर वरपासून खालपर्यंत पाण्याने काढलेल्या रेघा स्पष्ट दिसत होत्या.

‘मग आहे जागेवर,’ ती म्हणाली. ‘पाणी आल्याशिवाय मी पुण्याला यायची नाही.’

श्रावण

तिच्या त्या एका वाक्याने घराचे कुलूप तीन महिने पुढे गेले. मनातून मी नाराज होते. मे महिन्यातील भोवळीने माझेच म्हणणे खरे ठरले, असे मला वाटत होते: एकटीने राहण्याचे तिचे दिवस संपले.

ऑगस्टच्या अखेरीस आम्ही पुन्हा निघालो. या वेळी सकाळी लवकर, न्याहरी करून, आणि मधल्या वारी. सोमवारी लेणी बंद असतात आणि रविवारी पावसाळी गर्दी असते. वाटेत दोनदा थांबलो. गोळ्यांच्या वेळा डॉक्टरांना विचारून ठरवल्या होत्या. आणि पायथ्याशीच डोली केली.

खुर्चीला दोन्ही बाजूंनी दांडे आणि ते खांद्यावर घेणारी चार माणसे, अशी ही डोली. आईने हाताने चाचपून पाहिली आणि म्हणाली, ‘जिवंतपणी चौघांच्या खांद्यावर जायचं म्हणजे...’

डोलीवाल्यांपैकी वयस्क होते ते म्हणाले, ‘आजी, हे चौघे परत आणून सोडतात.’

ती खळखळून हसली आणि बसली. मे महिन्यात जे घ्यायला तिला संकोच वाटत होता, ते त्या एका वाक्याने सोपे झाले. ज्येष्ठांना आधार नको असतो असे नाही. आधार घेताना आपण ओझे झालो, असे वाटू नये, एवढीच त्यांची इच्छा असते.

दरी ओळखू येत नव्हती. वैशाखात राखेच्या रंगाचे झालेले डोंगर हिरवेगार होते. सागाची पाने सुपाएवढी झाली होती, सीताफळीच्या झुडपांत छोटी फळे धरली होती, कातळावर शेवाळाची साय चढली होती. लेण्यांच्या कपाळावरून जागोजाग पाण्याच्या बारीक धारा गळत होत्या. खाली वाघूर गढूळ, तपकिरी रंगाने खळाळत वळण घेत होती. आणि या सर्वांच्या पाठीमागे एक सलग, घुमणारा आवाज.

आईने तो माझ्याआधी ऐकला. दहाव्या लेण्यापाशी तिने हात वर करून डोलीवाल्यांना थांबवले. ‘आला,’ ती म्हणाली.

शेवटच्या लेण्यांच्या बाजूला, जिथून दरीचे टोक समोर येते, तिथे आम्ही थांबलो. डोली खाली ठेवली. समोर सातकुंड होता. कड्याच्या खाचेतून शुभ्र पाणी येत होते, पायरीवर आदळून फुटत होते, पुन्हा एकत्र होत होते आणि शेवटची मोठी उडी घेऊन कुंडात पडत होते. वाऱ्याची झुळूक आली की तुषारांचा पडदा आमच्याकडे झुके.

मी वर्णन करू लागले. डावीकडे असे आहे, वरची धार अशी पडते, मधल्या पायरीवर दोन फाटे झाले आहेत, खालचे पाणी दुधासारखे आहे... आई थोडा वेळ ऐकत राहिली. मग हळूच म्हणाली, ‘तू जरा गप्प बस ना.’

मला लागले. परंतु मी गप्प बसले, आणि मग तिच्या चेहऱ्याकडे पाहिले. तिने मान किंचित तिरपी केली होती. बऱ्याच वेळाने म्हणाली, ‘खालचा आवाज ढोलासारखा आहे, तो कुंडातला. त्याच्यावर एक कोरडा, टाळ्यांसारखा. ते पाणी दगडावर पडतंय. आणि त्याच्या वर एक बारीक आहे. तो वारा आला की जातो.’ बोटांवर मोजून ती म्हणाली, ‘तीन. बाकीच्या वर आहेत.’

गेली दोन वर्षे मी तिचे डोळे होण्याचा प्रयत्न करत होते. जे तिला दिसत नाही ते सांगत होते, आणि त्या सांगण्याच्या गोंगाटात तिला जे ऐकू येत होते, ते बुजवत होते. सांभाळणाऱ्याने कधी थांबावे, हे मला त्या धबधब्यापुढे कळले.

अजिंठ्याची लेणी मुळात पावसाळ्याशी जोडलेली आहेत, हे आपण विसरतो. बौद्ध भिक्षू वर्षभर गावोगाव फिरत. पावसाळ्यात मात्र आषाढी पौर्णिमेनंतर तीन महिने एका ठिकाणी मुक्काम करायचा, असा नियम होता. त्यालाच वर्षावास म्हणतात. वाटा चिखलाच्या, नद्या भरलेल्या, आणि पायांखाली कोवळी रोपे व किडेमुंग्या तुडवल्या जाण्याचे भय. म्हणून थांबायचे. ख्रिस्तपूर्व दुसऱ्या-पहिल्या शतकात इथली पहिली लेणी खोदली गेली आणि पाचव्या शतकात, वाकाटक राजा हरिषेणाच्या काळात, बाकीची बहुतेक. बाराव्या लेण्यात भिक्षूंच्या लहान खोल्या आणि त्यांतले दगडी ओटे आजही दिसतात. पावसाचे पाणी साठवण्यासाठी कातळात टाकी खोदलेली आहेत. भर पावसात, समोर हा धबधबा कोसळत असताना, तीन महिने एका जागी राहायचे, आणि पुढच्या कोरड्या महिन्यांसाठी पाणी साठवून ठेवायचे, अशी ती वस्ती होती.

1819 साली 28 एप्रिलला जॉन स्मिथ हा इंग्रज लष्करी अधिकारी शिकारीच्या निमित्ताने इथे आला आणि बाहेरच्या जगाला या लेण्यांचा पुन्हा परिचय झाला. दहाव्या लेण्यातील खांबावर त्याने कोरलेले नाव आजही आहे. तो आला तो भर उन्हाळ्यात. त्यानंतर आपणही अजिंठा बहुधा कोरड्या महिन्यांतच पाहत आलो आहोत.

परत निघताना आईने विचारले, ‘हे पाणी कुठे जातं, ठाऊक आहे?’

‘तापीला,’ मी भूगोलाच्या पुस्तकातले उत्तर दिले.

‘त्याच्याआधी वाघूर धरणात. आणि तिथून आपल्या नळाला.’ जळगाव शहराला वाघूर धरणाचे पाणी येते, हे मलाही माहीत होते; पण या आवाजाशी मी ते कधी जोडले नव्हते. ‘पन्नास वर्षं हेच पितेय मी,’ असे म्हणायला तिने तोंड उघडले, आणि मग शिक्षिकेच्या सवयीने स्वतःच दुरुस्ती केली: ‘म्हणजे, धरण झाल्यापासून.’

मार्गशीर्ष

डिसेंबरात मी पुन्हा जळगावला गेले ती निर्णय घेण्यासाठी. खानदेशातली थंडी पडली होती. शेतांतून वांगी भाजल्याचा वास येत होता. भरिताचे दिवस. आईच्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या मळ्यात जेवण होते: भरीत, कळण्याची भाकरी, हिरव्या पातीचा कांदा. दुसऱ्या दिवशी आम्ही तिसऱ्यांदा अजिंठ्याला गेलो.

सातकुंडाला आता एक बारीक धार उरली होती. ऊन कोवळे होते, दरी पिवळसर तांबूस झाली होती आणि कुंडातले पाणी इतके निवळ की तळाचे गोटे दिसत होते. पावसाळ्यात ज्या आवाजापुढे बोलता येत नव्हते, तो आता कान देऊन शोधावा लागत होता. आईला तो सापडला. ‘उतारवयातला आहे,’ ती म्हणाली, ‘पण आवाज स्पष्ट आहे.’

त्या दिवशी आम्ही सतराव्या लेण्यात बराच वेळ बसलो. उन्हातून लेण्याच्या अंधारात शिरल्यावर वृद्ध डोळ्यांना स्थिरावायला तरुणांपेक्षा जास्त वेळ लागतो, आणि काचबिंदू असेल तर आणखीच. म्हणून आम्ही उंबरठ्याच्या आत काही मिनिटे नुसते उभे राहिलो. तरी भिंतीवरची चित्रे आईला दिसणार नव्हतीच. मी विचारले, ‘एक गोष्ट सांगू? की गप्प बसू?’

‘सांग,’ ती हसली.

सतराव्या लेण्यात मातृपोषक जातक रंगवलेले आहे. हिमालयात एक पांढरा हत्ती आपल्या आंधळ्या आईला सांभाळून राहत असतो. रानात वाट चुकलेल्या एका माणसाला तो पाठीवर बसवून बाहेर सोडतो; तोच माणूस बनारसच्या राजाला त्याचा ठावठिकाणा सांगतो. हत्ती पकडला जातो. राजा त्याच्यापुढे उत्तम चारा ठेवतो, पण हत्ती तोंड लावत नाही. राजा कारण विचारतो. माझी आई आंधळी आहे, ती रानात उपाशी असेल, असे हत्ती सांगतो, आणि राजा त्याला सोडून देतो. तो परत येतो तेव्हा आई सात दिवसांची उपाशी पडलेली असते. तो सोंडेत पाणी भरून तिच्या अंगावर शिंपडतो. तिला वाटते, अवेळी पाऊस आला. ती त्या पावसालाच रागावते, की माझा मुलगा इथे नाही आणि हा कुठला पाऊस! मग तिला कळते की पाणी शिंपडणारा आपलाच मुलगा आहे.

गोष्ट सांगताना माझा आवाज थोडा भरून आला, हे कबूल करते. पुण्याहून रोज दोनदा फोन करणारी, आणि फोन उचलला गेला नाही की घास न उतरणारी मी, त्या हत्तीच्या जागी स्वतःला पाहत होते.

आई बराच वेळ बोलली नाही. मग तिने विचारले, ‘ते सात दिवस तिला बाकीच्या कोणी विचारलं नाही का? एवढं मोठं रान होतं.’

‘गोष्टीत तरी तसं नाही.’

‘मग त्यात त्या मुलाची काय चूक? रानाची आहे.’ थोडे थांबून ती म्हणाली, ‘माझं रान बरं आहे गं. सकाळी दूधवाला हाक मारून जातो. शेजारच्या वहिनी दहा वाजता चहाला येतात. औषधाच्या दुकानात माझा विद्यार्थी आहे, तो गोळ्या वाचून, खुणा करून देतो. घरात कुठे पायरी आहे, ते पायाला ठाऊक आहे. पुण्यात तू आहेस. तू कामावर गेलीस की कोण?’

माझ्याकडे उत्तर नव्हते. पुण्याच्या चौथ्या मजल्यावर, बंद दाराआड, अनोळखी भिंतींत ती दिवसभर काय करील, याचा विचार मी केलाच नव्हता. तिला सुरक्षित ठेवायचे म्हणजे माझ्याजवळ ठेवायचे, एवढेच गणित मी मांडले होते.

मी तिला पुण्याला नेले नाही. काळजी त्यामुळे मिटली, असे म्हणणे खोटे ठरेल. उद्या तिचा पाय घसरला तर, रात्री तब्येत बिघडली तर, हे प्रश्न आहेतच. आणि पुढे कधी तरी निर्णय बदलावाही लागेल. पण न्हाणीघरात आणि संडासात पकडायला दांडे बसवले आहेत. पायऱ्यांच्या कडांना ठळक पिवळी पट्टी लावली आहे, कारण समोरचे जे थोडे दिसते त्याला रंगांतला फरक मदत करतो. शेजारच्या वहिनींकडे घराची किल्ली आहे. फोनची वेळ ठरलेली आहे आणि फोन उचलला नाही तर आधी कोणी जायचे, हेही ठरलेले आहे. काचबिंदूचे थेंब एकही वेळ न चुकता घालण्यासाठी रेडिओच्या बातम्यांची वेळ पकडली आहे.

आणि पावसाळ्यात, जेव्हा अंगण निसरडे होते, वीज जाते आणि तिला बाहेर पडता येत नाही, तेव्हा मी जळगावला राहायचे ठरवले आहे. माझे काम काही अंशी घरून करता येते, बाकीची रजा. आई त्याला माझा वर्षावास म्हणते.

ज्येष्ठांना नेताना

आमच्या तीन फेऱ्यांतून जे उमगले, ते इतरांच्या उपयोगी पडावे म्हणून थोडक्यात सांगते.

एप्रिल-मे महिन्यांत ज्येष्ठांना या दरीत नेऊ नये. धबधबा पाहायचा तर चांगला पाऊस झाल्यानंतरचे जुलै ते सप्टेंबर हे महिने योग्य. चित्रे निवांत पाहायची तर डिसेंबर-जानेवारी. हृदयविकार, रक्तदाब, मधुमेह असेल तर प्रवासाच्या दिवशी गोळ्या कधी घ्यायच्या आणि पाणी किती प्यायचे, हे डॉक्टरांना आधी विचारावे. स्वच्छतागृह कुठे आहे, ते पोहोचताच दाखवून ठेवावे. डोलीचा दर सुरुवातीलाच ठरवावा आणि थकल्यावर नव्हे, तर पहिल्या चढणीपासूनच ती घ्यावी. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांना चढण्यापेक्षा उतरणे कठीण जाते, हे लक्षात असू द्यावे.

दृष्टी अधू असलेल्या माणसाचा हात धरून त्याला ओढू नये. आपला कोपर त्याच्या हाती द्यावा आणि अर्धे पाऊल पुढे चालावे. पायरी आली की चढती की उतरती, ते सांगावे. चित्रे असलेल्या लेण्यांत पादत्राणे बाहेर काढावी लागतात, म्हणून थंडीत मोजे जवळ ठेवावेत. ओल्या दगडावर मात्र मोजे घालून चालू नये. पावसाळ्यात काठीच्या टोकाचे रबर झिजलेले नाही ना, ते पाहावे. नदीच्या पात्रात उतरू नये. वर पाऊस झाला तर वाघूर पाहता पाहता वाढते. कड्याला मधमाश्यांची मोठी पोळी लटकलेली असतात. तेव्हा उग्र अत्तर लावून जाऊ नये आणि त्या बाजूला दंगा करू नये. ज्यांना दरीत उतरणे शक्यच नाही, त्यांना लेणापूरच्या बाजूने वाहनाने पठारावर जाऊन नदीचे वळण वरून पाहता येते.

आणि सोबत असणाऱ्याने थोडा वेळ गप्प बसावे.

परवा आईचा फोन आला. आकाश भरून आल्याचे तिला वासावरून कळले होते. ‘नळाला गढूळ पाणी येऊ लागलं की समज, तिकडे सुरू झालं,’ ती म्हणाली. ‘येताना जाड तळव्याच्या चपला आण. आणि त्या डोलीवाल्यांना सांगून ठेव, या वर्षी चौथा आवाज मोजायचा आहे.’